गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलावेत की सर्व्हिस सेंटरला द्यावेत? ठाणे–नवी मुंबईकरांनो, सल्ला हवाय

नौपाडाकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची आहे. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, रनिंग ७८ हजारांच्या पुढे. गेल्या महिन्यापासून घोडबंदर रोडला पातलीपाड्याच्या फ्लायओव्हरवर चढताना, एसी चालू असताना चौथ्या गिअरवर पाय दिला की झटके खाते. सपाट रस्त्यावर काहीच नाही. परवा चेक इंजिनचा दिवा दोनदा लुकलुकला आणि आपोआप गेला. अ‍ॅव्हरेजही १६ वरून १३ वर आलंय.

सर्व्हिस सेंटरला नेली. दहा मिनिटांत एस्टिमेट हातात: चार प्लग २,९६०, लेबर ९५०, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग १,२००, इंजेक्टर क्लीनिंग १,८००, वर जीएसटी. म्हणजे आठ हजारांच्या पुढे. मी विचारलं, प्लग काढून बघितलेत का? तर म्हणाले, "मॅडम, एवढं रनिंग झालंय, बदलावेच लागतील." बदलायला माझी ना नाही. पण बोनेटसुद्धा न उघडता आठ हजार सांगितले, ते मनाला लागलं.

लहानपणी बाबा स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे तेव्हा मी शेजारी पाना धरून बसायचे. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, पण ते म्हणतात, "तू कर, मी सांगतो." कारचे प्लग घरी बदलण्यासारखे असतात का? कोणी केलंय? काय बिघडू शकतं?

घोडबंदरवाला | सोमवार, रात्री १०:०५

केलंय, दोन गाड्यांवर मिळून पाचेक वेळा. पहिल्यांदा दीड तास लागला, आता पंचवीस मिनिटं. वरचं प्लास्टिकचं कव्हर निघतं, प्रत्येक प्लगवर त्याला करंट देणारी कॉइल असते, तिला १० चा एकेक बोल्ट, कनेक्टरचा खटका दाबायचा, कॉइल सरळ वर ओढायची, खाली विहिरीत, म्हणजे खोल भोकात, प्लग. बिनधास्त करा.

पामबीच४३ | सोमवार, रात्री १०:३१

बिनधास्त नको, प्लीज. माझा अनुभव ऐका. मीही व्हिडिओ बघूनच केलं होतं. पाम बीचवरून गाडी घेऊन आलो आणि पार्किंगमध्ये लगेच, इंजिन तापलेलं असतानाच प्लग काढायला घेतले. दुसरा प्लग जड येत होता, तरी मी जोर लावला. बाहेर आला तो आट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा चुरा घेऊनच. नवा प्लग बसेचना. गाडी टो करून तुर्भ्याला नेली. तिथे कारागिराने आटे पुन्हा पाडून आत हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवली. चार दिवस गाडी उभी आणि साडेसहा हजार गेले. इंजिनचं हेड, म्हणजे प्लग बसतात तो वरचा भाग, बदलायची वेळ आली नाही, एवढंच नशीब. तेव्हापासून हे काम मी पैसे देऊन करून घेतो. दुसऱ्याच्या हातून आटे गेले तर निस्तरायची जबाबदारी त्याची असते, आणि मला त्या जबाबदारीचे पैसे देणं परवडतं.

जुना_फिटर | सोमवार, रात्री ११:१०

ताई, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलीत. आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या गाडीची लक्षणं. झटके चढावरच का येतात? प्लगच्या दोन टोकांमध्ये जी फट असते, गॅप म्हणतो आपण, ती वापराने वाढत जाते. इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो, आणि दर ठिणगीला धातूचा अगदी सूक्ष्म कण उडतो. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात चढावर जास्त पाय दिला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला आणखी व्होल्टेज लागतं. कॉइल तेवढं देऊ शकली नाही की ठिणगी चुकते, गाडी मिसिंग मारते. सपाट रस्त्यावर दाब कमी असतो, म्हणून तिथे कळत नाही.

दुसरं, दिवा लुकलुकला म्हणालात, ते अंगावर काढू नका. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत फरक आहे. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल धुराच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जातंय आणि तिथे पेटून तो भाजतोय. त्या कन्व्हर्टरच्या किमतीपुढे तुमचं आठ हजारांचं एस्टिमेट काहीच नाही. तेव्हा घरी करा नाहीतर बाहेर, पण या आठवड्यात करा.

पामबीच४३ यांनी सांगितलेलं खरं आहे. गरम हेडमधून प्लग काढू नये. संध्याकाळी गाडी लावा, सकाळी हात घाला.

खारघरची_रहिवासी | मंगळवार, सकाळी ८:१५

माझी गाडी सीएनजी. अगदी हेच झालं होतं, फक्त पेट्रोलवर गाडी लोण्यासारखी आणि सीएनजीवर टाकली की खारघरच्या चढावर झटके. सगळ्यांनी मला सीएनजी किटकडेच पाठवलं. दोनदा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) साफ केला, फिल्टर बदलला. शेवटी कळंबोलीच्या एका गॅरेजवाल्याने प्लग काढून हातात दिले. म्हणाला, गॅसला ठिणगी जोरदार लागते, प्लग थकला की आधी गॅसवर कळतं, पेट्रोल सांभाळून घेतं. प्लग बदलले, झटके गेले. दोन महिने त्रास काढला मी, आणि दोष होता साध्या प्लगमध्ये.

जुना_फिटर | मंगळवार, सकाळी ९:०२

तुमचा गॅरेजवाला बरोबर बोलला. सीएनजी गाडीत प्लग लवकर थकतात. पुस्तकातला पेट्रोलचा आकडा धरून बसू नका, आधीच काढून बघत जा.

ठाणेबेलापूर_रोज | मंगळवार, दुपारी १:२०

थोडं वेगळं मत मांडतो. रोज ऐरोलीहून महापे, आठवड्याला सहा दिवस. रविवारचे तीन तास मला मुलांसोबत हवे असतात. ९५० लेबर जास्त आहे हे मान्य, पण सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असेल तर गाडी विकताना समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो. आणि वॉरंटीत असलेल्या गाडीला तर मी हातच लावणार नाही. माझा साधा नियम आहे: एस्टिमेटमधली प्रत्येक ओळ वेगळी विचारायची. प्लग हवेत, ठीक. थ्रॉटल बॉडी काढून दाखवा, काळी असेल तरच साफ करा. इंजेक्टर क्लीनिंग कशासाठी? उत्तर नसेल तर ती ओळ खोडायला लावायची. सेंटरला जाऊनही निम्मे पैसे वाचतात.

आणि एक. बदललेले जुने प्लग परत मागायचे. तुमचे आहेत ते.

घोडबंदरवाला | मंगळवार, दुपारी २:०५

जुने प्लग मागायच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन.

वॉरंटीबद्दल थोडं. २०१४ साली कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं हा त्यातला मुख्य मुद्दा होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये, असंही त्या आदेशात होतं. पुढे प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअर पोर्टलही काढलं. पण तुमच्या हातून आटे गेले तर ते वॉरंटीत कोणीच भरून देणार नाही. त्यामुळे वॉरंटीतली गाडी सेंटरलाच न्यावी, हे मलाही पटतं. नौपाडाकरांची गाडी २०१५ ची आहे, तिला तो प्रश्न नाही.

नौपाडाकर | मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गाडीचं मॅन्युअल शोधून काढलं. त्यात दिलेला प्लग साध्या निकेलचा आहे, गॅप १.० ते १.१ मिलिमीटर. एस्टिमेटमध्ये इरिडियम लावलेत, एकेक ७४०. जांभळी नाक्याजवळच्या दुकानात त्याच नंबरचा निकेल प्लग १८५ सांगितला. मग मला इरिडियम का लिहून दिले? फसवत होते का?

जुना_फिटर | मंगळवार, रात्री १०:४०

फसवणूक म्हणणार नाही. इरिडियमचं मधलं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर एवढं बारीक असतं, धातू कठीण, झीज कमी. निकेल तीस-चाळीस हजारांत थकतो, चांगला इरिडियम लाखाच्या घरात जातो. पण दोन्ही सांगून निवड तुमच्यावर सोडायला हवी होती, ती सोडली नाही.

घरी हात बसवायचा असेल तर निकेलच घ्या. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा काढून बघाल, त्यातून इंजिनची तब्येत कळेल. इरिडियम टाकला तर गॅप करायला जाऊ नका, ते बारीक टोक मोडतं.

नंबर मात्र मॅन्युअलमधलाच. दुकानदार म्हणेल "हा पण चालतो", तर ऐकू नका. प्लगची हीट रेंज असते, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो तो थंड प्लग, हळू टाकतो तो गरम, आणि प्रत्येक कंपनीची आकड्यांची पद्धत वेगळी. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. अंदाजाने बदलला तर एकतर काजळी धरेल नाहीतर तापून टोक जाईल. आणि डुप्लिकेट माल बाजारात खूप आहे, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

आता कामाची रीत सांगतो, ती पाळली तर आटे जाणार नाहीत.

कॉइल काढल्यावर लगेच प्लगला पाना लावू नका. विहिरीत धूळ, खडे, वाळलेली पानं असतात. टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने आधी फुंकर मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. प्लग निघाला की तो कचरा थेट सिलिंडरमध्ये जातो. एका वेळी एकच सिलिंडर उघडा, म्हणजे कनेक्टर इकडचे तिकडे होत नाहीत.

प्लग सैल होताना जड लागला तर पाव फेरा परत आत, मग थोडा बाहेर, असं मागेपुढे करत आणा. पामबीच४३ यांनी तिथेच जोर लावला.

नवा प्लग बसवताना पाना विसरा. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि नळी दोन बोटांनी फिरवत प्लग आत न्या. आधी उलटा फिरवा, आटा आट्यात पडल्याचं "टक" असं हाताला कळतं, मग सुलटा. वाकडा चढत असेल तर नळी प्लगवर घसरते, पुढे जातच नाही. पाना मात्र वाकड्या प्लगलाही जबरदस्तीने आत नेतो. आमच्याकडे नवीन पोराला पहिला महिनाभर हीच नळी द्यायचे.

हाताने पूर्ण बसला की मग टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागतोय ते सांगणारा पाना. १४ मिलिमीटर आट्याच्या, वायसर असलेल्या प्लगला साधारण २५ न्यूटन-मीटर, पण काही गाड्यांना त्याहून कमी लागतो, तेव्हा मॅन्युअलमधला आकडा अंतिम. १२ मिलिमीटर आट्याला तर १५ ते २० च. २५ म्हणजे किती? पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगलं तर जेवढं, तेवढंच. माणूस सहज याच्या दुप्पट लावतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे धरू नयेत म्हणून लावतात ती पेस्ट) लावू नका. निसरड्या आट्यावर तोच टॉर्क जास्त आवळतो.

प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बाजूला ठेवा. चिनी मातीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही.

एक_पाऊल_पुढे | बुधवार, सकाळी ७:५०

नौपाडाकर, तुमचं काम सोपं आहे म्हणून करा. माझ्याकडे जुनी होंडा सिटी आय-डीएसआय आहे, २००६ ची. तिला प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ प्लग. पुढचे चार समोर दिसतात. मागचे चार काचेखालच्या पत्र्याच्या बाजूला, हात जेमतेम पोचतो. मी पुढचे चार घरी करतो आणि मागच्या चारसाठी वागळे इस्टेटमधल्या मिस्त्रीला लेबर देतो. आठही एकाच वेळी बदलले पाहिजेत, म्हणून दोन्ही कामं त्याच दिवशी. ही गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा पुढचे चार नवे होते आणि मागचे चार गंजलेले. आधीच्या कोणीतरी दिसतील तेवढेच बदलले होते.

ठाणेबेलापूर_रोज | बुधवार, सकाळी ९:३०

नौपाडाकर, तुम्ही करायचं ठरवलंच आहे तर माझा टॉर्क पाना घेऊन जा. ५ ते ६० न्यूटन-मीटरचा आहे, एका कामासाठी दोन-अडीच हजार घालू नका. ऐरोली नाक्यावर भेटू. १६ ची प्लगची गोटी (सॉकेट) आणि लांब एक्स्टेंशनही देतो. गोटीत आत रबर आहे, प्लग धरून ठेवते. तुमच्या गाडीला १६ लागते की १४ ते आधी बघा, नव्या गाड्यांत १४ ही असते.

पार्किंगमध्ये करणार असाल तर सोसायटीला सांगून ठेवा. आमच्याकडे एकाने ऑइल सांडलं, तेव्हापासून पोडियमवर बोनेट उघडलं तरी वॉचमन धावत येतो.

नौपाडाकर | रविवार, दुपारी १२:१५

झालं! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

सकाळी सातला सुरुवात. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बॅटरी धरून बसले होते. पहिली कॉइल निघाली, पंपाने फुंकर मारली तर काळी माती आणि एक वाळलेलं फूल बाहेर आलं. प्लग पाव फेऱ्यात सैल झाला. दुसराही तसाच.

तिसऱ्याला मी घाबरले. कॉइलची रबरी नळी वर आली ती खालच्या निम्म्या भागात ऑइलने माखलेली. टिश्यू गुंडाळून आत सोडला, तोही ओला. आधी ते टिपून काढलं, पुन्हा पुन्हा, टिश्यू कोरडा येईपर्यंत. मग प्लग. दीड फेऱ्यावर जड आला. पाना खाली ठेवला, फिटरकाकांचं वाक्य आठवलं, आत पाव, बाहेर अर्धा, असं करत दहा मिनिटं लागली. आटे स्वच्छ निघाले.

चारही प्लग वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. टोकं फिकट तपकिरी, म्हणजे बाबांच्या भाषेत "भाजलेल्या बिस्किटाचा रंग". मधल्या टोकाच्या कडा झिजून गोल झालेल्या. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांनी, गॅप मोजला तर १.४, १.४, १.५ आणि १.४. मॅन्युअलमध्ये १.१!

नळीची युक्ती तर कमाल आहे. चौथा प्लग पहिल्यांदा वाकडा लागला तेव्हा नळी खरंच घसरली आणि मला बोटांना कळलं. पुन्हा उलटा फिरवला, टक, मग लोण्यासारखा गेला.

दोन शंका. चारही प्लगच्या पांढऱ्या मातीवर, लोखंडी भागाच्या लगेच वर, तपकिरी कडं आहे. गॅस लीक होतोय का? आणि तिसऱ्या विहिरीतलं ऑइल कुठून आलं?

जुना_फिटर | रविवार, दुपारी १:०५

शाब्बास ताई.

तपकिरी कडं म्हणजे लीक नाही. उच्च व्होल्टेजमुळे मातीभोवती विद्युतभार तयार होतो, तो ऑइलच्या वाफेचे आणि धुळीचे कण ओढून घेतो. चांगल्या प्लगवरही येतं. यावरून घाबरून इंजिन उघडलेले लोक मी बघितलेत.

ऑइलचं मात्र मनावर घ्या. प्लगच्या विहिरीच्या वरच्या टोकाला, टॅपेट कव्हरखाली (इंजिनचं वरचं झाकण) रबरी सील असतं. ते कडक झालं की ऑइल विहिरीत उतरतं. प्लगचं टोक कोरडं आणि बिस्किटाच्या रंगाचं आहे, म्हणजे ऑइल सिलिंडरच्या आतून येत नाहीये. रिंग-पिस्टन ठीक आहेत, ही मोठी चांगली बातमी आहे. पण ऑइलमध्ये भिजून कॉइलचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि करंट बाजूने हेडला जातो. तिसरी कॉइल जाईल त्याआधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि विहिरीची सीलं बदलून घ्या. पुन्हा कधी मिसिंग आलं तर तिसरी कॉइल पहिल्यावर लावून बघा. स्कॅनरवरचा कोड पी०३०३ (तिसरा सिलिंडर मिसिंग) चा पी०३०१ (पहिला) झाला तर दोष कॉइलचा.

हे पॅकिंग पहिल्यांदा एकट्याने करू नका. कव्हरचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि हलक्या हाताने आवळावे लागतात, कोपऱ्यांना सिलंट लागतं. चांगल्या गॅरेजला द्या.

पामबीच४३ | रविवार, दुपारी १:४०

अभिनंदन! माझं मत मी बदलत नाही, माझे प्लग गॅरेजलाच जातील. पण पुढच्या वेळी समोर उभा राहीन, नळीने बसवायला सांगेन आणि जुने चारही घरी आणेन. तुमच्या विहिरीतलं ऑइल सेंटरवाल्याने पुसून नवा प्लग टाकला असता तर तुम्हाला कधी कळलंच नसतं.

खारघरची_रहिवासी | रविवार, दुपारी ४:२५

आणि पावसाळ्यात इंजिन प्रेशरने धुऊन घेऊ नका कोणी. पाणी याच विहिरीत साचतं. माझ्या भावाची गाडी धुऊन आणल्यावर दुसऱ्या दिवशी तीन सिलिंडरवर चालत होती.

नौपाडाकर | मंगळवार, रात्री १०:१०

शेवटचं अपडेट. पाचपाखाडीतल्या गॅरेजमध्ये पॅकिंग आणि सीलं बदलून घेतली, सगळं मिळून २,१००. मिस्त्रींनी मला जुनं सील दाखवलं, बोटाने वाकवलं तर कट्‌कन तुटलं. प्लग, फिलर गेज आणि नळी धरून घरचा खर्च हजाराच्या आसपास गेला. थ्रॉटल बॉडी उघडून बघितली, थोडीच काळी होती, स्प्रेने साफ केली. इंजेक्टरला हात लावला नाही.

काल संध्याकाळी चौघांना घेऊन, एसी लावून पातलीपाड्याच्या फ्लायओव्हरवर चौथ्या गिअरमध्ये चढवली. एकही झटका नाही. बाबा मागे बसले होते, त्यांनी दोनदा वळसा घालून पुन्हा चढवायला लावली.

हजार किलोमीटरनंतर तिसरा प्लग काढून विहीर कोरडी आहे का ते बघते आणि फोटो इथेच टाकते. ठाणेबेलापूर_रोज, पाना, गोटी आणि एक्स्टेंशन शनिवारी सकाळी ऐरोली नाक्यावर आणून देते. पान्यावरचं सेटिंग काम झाल्यावर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवलंय, स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून.